अमेरिकेचे अध्यक्ष वाचताना मतांची यादी हातात ठेवा

एका तरुण वाचकाने विचारलं आहे: "अमेरिकेचे अध्यक्ष आणि त्यांच्या काळातलं राजकारण नीट समजून घ्यायचं आहे. इंग्रजी वाचता येतं, पण वेग बेताचा. रोज तासभर काढू शकतो. वॉशिंग्टनपासून क्रमाने सुरुवात केली होती, तिसऱ्या चरित्राच्या मध्यावर सोडून दिलं. काय वाचू आणि कोणत्या क्रमाने?"

क्रमाने वाचू नका, हे पहिलं. तीस वर्षांहून जास्त काळ मी कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवला. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन अशी रांग लावली की जॅक्सनपर्यंत येता येता अर्धा वर्ग गळायचा. उरलेले फिलमोर, पिअर्स, ब्यूकॅनन या तिघांपाशी हात टेकायचे. दोष मुलांचा नव्हता. रांगेत उभे केले की अध्यक्ष राजघराण्याच्या वंशावळीसारखे दिसायला लागतात, आणि अमेरिकेचा अध्यक्ष राजा नाही. त्याला जे करायचं असतं त्याच्या किल्ल्या बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी कनवटीला असतात.

आपल्याला हे पटकन उमजत नाही, कारण आपली घडी वेगळी आहे. लोकसभेत ज्याच्या पाठीशी बहुमत तो पंतप्रधान, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणाऱ्याचं सदस्यत्वच धोक्यात येतं. अमेरिकेत अध्यक्ष वेगळा निवडून येतो, आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन सभागृहंही वेगळी: प्रतिनिधिगृह वेगळं, सिनेट वेगळं. स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत देऊन सिनेटर निवांत घरी जातो आणि पुढची निवडणूक जिंकतोही. म्हणून तिथे एकेक मत वेगळं मिळवावं लागतं. कुणाला धरण हवं असतं, कुणाला आपल्या माणसाची नेमणूक, कुणाला फक्त अध्यक्षाने स्वतःहून फोन केलेला हवा असतो. अध्यक्षाचं चरित्र वाचताना हा व्यवहार दिसला नाही तर एका माणसाची गोष्ट वाचून होते, काळ हाती लागत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: अध्यक्ष निवडू नका, एखादं मतदान निवडा. अमुक कायदा अमुक मतांनी पास झाला किंवा पडला, एवढं एक टोक धरायचं आणि त्याच्या आजूबाजूची दोन-तीन पुस्तकं वाचायची. अध्यक्ष त्यात येतोच, पण ज्यांच्यावर त्याची भिस्त होती आणि ज्यांनी त्याला अडवलं ते सगळे बरोबर येतात.

सुरुवात लिंडन जॉन्सनपासून करा, १९६३ ते १९६९ चा अध्यक्ष. रॉबर्ट कॅरो या चरित्रकाराने आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षं या एका माणसावर घालवली आहेत. पहिला खंड 'द पाथ टू पॉवर' १९८२ चा. तो पहिल्या पानापासून वाचू नका. अनुक्रमणिकेत 'द सॅड आयर्न्स' नावाचं प्रकरण शोधा आणि आधी तेवढंच वाचा. त्यात जॉन्सन जवळजवळ नाहीच. टेक्ससच्या हिल कंट्रीत वीज न पोचलेल्या शेतघरांतल्या बायका त्यात आहेत. पाणी विहिरीतून शेंदायचं आणि घरापर्यंत वाहून न्यायचं. पाच माणसांच्या घराला वर्षाला लागणारं पाणी जवळजवळ ३०० टन भरतं, असा हिशेब कॅरो मांडतो. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री. सहा-सात पौंडांच्या लोखंडी इस्त्र्या चुलीवर तापवायच्या, एक गार झाली की दुसरी उचलायची, आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात दिवसभर त्या चुलीत लाकडं सारत राहायची. या बायकांशी बोलायला आणि तो मुलूख समजून घ्यायला कॅरो आणि त्याची बायको जवळपास तीन वर्षं तिथेच राहिले होते.

हे प्रकरण मी वर्गात मोठ्याने वाचायची, मध्ये थांबून मराठीत सांगायची. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या आईच्या टाळूवरचे केस हंड्यांनी गेलेत." त्यानंतर त्या वर्गाला टेक्सस परकं राहिलं नाही. १९३७ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आलेला तरुण जॉन्सन थेट अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टपर्यंत जाऊन वीज देण्याच्या नियमाला अपवाद करून घेतो, आणि १९३९ मध्ये त्या घरांत दिवे लागतात. जॉन्सन खोटं बोलायचा, लोकांना वापरून घ्यायचा, हे कॅरो तितक्याच कठोरपणे दाखवतो. दोन्ही एकाच पुस्तकात आहे आणि दोन्ही खरं आहे. मतदार कुणाला का निवडतात याचं इतकं जवळून केलेलं वर्णन मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

दुसरा खंड 'मीन्स ऑफ असेंट' (१९९०) मुख्यतः १९४८ च्या सिनेट उमेदवारीच्या निवडणुकीवर आहे. जवळजवळ दहा लाख मतांत जॉन्सन ८७ मतांनी जिंकला, आणि ती मतं अ‍ॅलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीत उशिरा सापडलेल्या नावांतून आली. नावं एकाच शाईत आणि चक्क वर्णानुक्रमाने! वाचायला हा खंड सर्वांत वेगवान, पण जपून वाचा. जॉन्सनला काळा रंगवण्याच्या भरात कॅरोने त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, कोक स्टीव्हन्सनला, फार उजळ केलं आहे. तो वर्णभेदाचा उघड समर्थक होता. उत्तम चरित्रकारसुद्धा आपल्या गोष्टीच्या प्रेमात पडतो, हे लक्षात ठेवण्यासाठी हा खंड चांगला.

तिसऱ्या खंडाला, 'मास्टर ऑफ द सेनेट'ला (२००२), हजाराहून जास्त पानं आहेत. घाबरू नका. पहिली शंभरेक पानं फक्त सिनेट या संस्थेच्या इतिहासाची आहेत आणि ती स्वतंत्र पुस्तकासारखी वाचता येतात. प्रत्येक राज्याला दोनच जागा का, दक्षिणेतले सिनेटर वर्षानुवर्षं निवडून येऊन समित्यांची अध्यक्षपदं कशी बळकावून बसले, आणि फिलिबस्टर म्हणजे काय, हे सगळं तिथे आहे. विधेयकावर मतदान होऊच नये म्हणून सभागृहात बोलत राहायचं, हा फिलिबस्टर. ते बोलणं थांबवायचं तर 'क्लोचर'चा ठराव लागतो, आणि १९६४ मध्ये त्याला मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागत. शंभर सदस्य हजर असतील तर ६७. हे दोन शब्द पक्के झाले की विसाव्या शतकाचं अर्धं अमेरिकन राजकारण उलगडतं.

आता ते मतदान. १० जून १९६४, कृष्णवर्णीयांविरुद्धचा भेदभाव बेकायदा ठरवणारं नागरी हक्क विधेयक. दक्षिणेच्या सिनेटरांनी दोन महिन्यांहून जास्त काळ सभागृह अडवून धरलं होतं. कॅलिफोर्नियाचा सिनेटर क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने अंथरुणाला खिळला होता, त्याची वाचा गेली होती. त्याला चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारलं तेव्हा त्याला बोलता येईना, म्हणून त्याने हात उचलून स्वतःच्या डोळ्याकडे बोट नेलं. होकाराचा 'आय' आणि डोळ्याचा 'आय' इंग्रजीत उच्चाराला एकच. मत नोंदवलं गेलं. पुढच्याच महिन्यात तो वारला. ठराव ७१ विरुद्ध २९ असा मंजूर झाला.

या आकड्याची फोड करून बघा. ७१ मध्ये ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन, २९ मध्ये २३ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. अध्यक्ष डेमोक्रॅट, आणि त्याचं विधेयक अडवणारे बहुतेक त्याच्याच पक्षाचे. सिनेटमधला रिपब्लिकन नेता, इलिनॉयचा एव्हरेट डर्कसन, याने रिपब्लिकन मतं आणली नसती तर ते पडलं असतं. आजचे पक्ष डोळ्यांपुढे ठेवून १९६४ वाचलं की सगळं उलटंपालटं दिसतं, म्हणून फोड महत्त्वाची. विरोधात मत देणाऱ्या सहा रिपब्लिकनांपैकी एक बॅरी गोल्डवॉटर. त्याच वर्षी तो अध्यक्षपदाचा उमेदवार झाला, सपाटून हरला, पण स्वतःच्या अ‍ॅरिझोनाखेरीज दक्षिणेची पाच राज्यं घेऊन गेला. पक्षांची अदलाबदल कुठून सुरू झाली हे इथे दिसतं. त्यासाठी रिक पर्लस्टीनचं 'बिफोर द स्टॉर्म' (२००१) वाचा. कॅरोचा चौथा खंड १९६४ च्या सुरुवातीलाच थांबतो, त्यामुळे या विधेयकाच्या प्रवासासाठी टॉड पर्डमचं 'अ‍ॅन आयडिया हूज टाइम हॅज कम' (२०१४) हाताशी ठेवा. ते आटोपशीर आहे.

आणि एक गोष्ट ऐका, अगदी कानांनी. जॉन्सनची टेलिफोन संभाषणं ध्वनिमुद्रित आहेत आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. २७ मे १९६४ चं रिचर्ड रसेलबरोबरचं बोलणं काढा. रसेल म्हणजे जॉन्सनचा सिनेटमधला गुरू, आणि त्या क्षणी नागरी हक्क विधेयकाविरुद्धच्या फिलिबस्टरचा सेनापती. दोघे बोलतात व्हिएतनामबद्दल. इथून बाहेर पडायची वाट दिसत नाही, हे दोघेही एकमेकांना कबूल करतात. दोन आठवड्यांनी यातल्या एकाने दुसऱ्याला सिनेटमध्ये हरवलं, आणि व्हिएतनामात मात्र जॉन्सन आतच शिरत गेला. एवढं संभाषण ऐकून मग डेव्हिड हॅलबरस्टॅमचं 'द बेस्ट अँड द ब्राइटेस्ट' (१९७२) उघडलं की ते पुस्तक वेगळं वाचलं जातं.

दुसरं मतदान ३१ जानेवारी १८६५ चं. गुलामगिरी कायमची संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. दोन तृतीयांशाला ११७ पुरे होती, म्हणजे दोन मतं वर. आधीच्या जूनमध्ये हीच दुरुस्ती तिथेच पडली होती. मधल्या सात महिन्यांत काय झालं, हा लिंकन समजून घेण्याचा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

मराठीत लिंकन बहुतेकांना वि. ग. कानिटकरांच्या 'अब्राहम लिंकन : फाळणी टाळणारा महापुरुष' या पुस्तकातून भेटतो. आमच्या पिढीला तसाच भेटला. ते जरूर वाचा, आणि त्याच्या नावाकडेही पाहा. फाळणी भोगलेल्या देशातला लेखक लिंकनमध्ये देश एकसंध राखणारा माणूस शोधतो. ही नजर आपली आहे आणि तिचं मोल आहे. पण अमेरिकेतल्या संशोधनाचा भर गेली काही दशकं वेगळ्या प्रश्नावर आहे: गुलामगिरीबद्दल लिंकनचं मत केव्हा आणि कुणामुळे बदललं?

डोरिस कर्न्स गुडविनचं 'टीम ऑफ रायव्हल्स' (२००५) सगळेच सुचवतात, मीही सुचवते. १८६० च्या रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात ज्यांना हरवून लिंकनने उमेदवारी मिळवली त्या सुअर्ड, चेस आणि बेट्स या तिघांनाही त्याने मंत्रिमंडळात घेतलं, ही त्यातली मुख्य कथा. ती कादंबरीसारखी सांगितली आहे, त्यामुळे बेताच्या वेगाच्या वाचकालाही पुढे नेते. पण ती वरच्या दिवाणखान्यात घडते. लगेच एरिक फोनरचं 'द फायरी ट्रायल' (२०१०) घ्या. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकन कृष्णवर्णीय नेत्यांच्या एका शिष्टमंडळाला व्हाइट हाउसमध्ये बोलावतो आणि तुम्ही देश सोडून दुसरीकडे वस्ती करावी असं त्यांना सुचवतो. पुढच्याच महिन्यात तो गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा प्राथमिक मसुदा काढतो. दोन्ही लिंकन एकाच माणसाचे आहेत. फोनर त्याला झाकत नाही आणि झोडपतही नाही. पळून आलेले गुलाम, गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते, काँग्रेसमधले कडवे रिपब्लिकन आणि यादवी युद्धाची गरज या सगळ्यांनी मिळून त्याला कसं ढकललं ते तारीखवार दाखवतो. घटनांवर माझा ताबा नव्हता, घटनांनीच मला चालवलं, असं लिंकनने १८६४ च्या एका पत्रात लिहिलं होतं. ते नुसत्या विनयापोटी लिहिलेलं नाही, हे फोनर वाचून कळतं. एकाच खंडातलं चरित्र हवं असेल तर डेव्हिड हर्बर्ट डोनाल्डचं 'लिंकन' (१९९५).

इथे पुस्तक मिटू नका, कारण पुढचा भाग आपला आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. ती अर्पणपत्रिका शाळेत वाचली होती, पण त्या वर्षी अमेरिकेत काय चाललं होतं हे मला कितीतरी उशिरा कळलं. यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट अध्यक्ष होता. एप्रिल १८७३ मध्ये, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. पुण्यात जोतीराव ज्या मुक्तीला वंदन करत होते तिचा गळा तिकडे आवळला जात होता. १८७६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा वाद रिपब्लिकन उमेदवार हेजच्या बाजूने १८५ विरुद्ध १८४ असा सुटला, १८७७ मध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या रिपब्लिकन सरकारांमागचा लष्कराचा आधार निघाला, आणि कृष्णवर्णीयांचे हक्क पुढची कित्येक दशकं कागदावरच राहिले.

युद्धानंतरच्या या काळाला 'रीकन्स्ट्रक्शन', म्हणजे पुनर्रचना, म्हणतात; त्यासाठी फोनरचं 'रीकन्स्ट्रक्शन' (१९८८) हे मुख्य पुस्तक. जड आहे, महिना द्या. त्याच्याही आधी, १९३५ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय अभ्यासकाने 'ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' लिहिलं. कृष्णवर्णीय हा चारचौघांसारखाच माणूस आहे असं धरून मी लिहितो आहे, हे तो आरंभीच वाचकाला सांगून टाकतो. त्या काळी विद्यापीठांतले इतिहासकार ते धरत नव्हते. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये याच डू बॉइसला पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. ही पुस्तकं मराठी वाचकाने वाचावीत असं मला तळमळीने वाटतं ते यामुळे.

ग्रँटचं नाव आलंच आहे तर, अध्यक्षांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांत त्याच्या आठवणी सर्वांत वरच्या. फसवणुकीत सगळा पैसा बुडालेला, घशाचा कर्करोग, बायकोमुलांसाठी काहीतरी मागे ठेवायचं म्हणून तो लिहीत राहिला आणि लेखन संपल्यावर काही दिवसांतच, जुलै १८८५ मध्ये, गेला. प्रकाशनाची बाजू मार्क ट्वेनने सांभाळली. पण त्यात युद्ध आहे, अध्यक्षपद नाही. अध्यक्षपदासाठी रॉन चेर्नोचं 'ग्रँट' (२०१७). इतर माजी अध्यक्षांच्या आत्मकथा मी मागाहून वाचायला सांगते. त्या आपली बाजू मांडायला लिहिलेल्या असतात. आधी दुसऱ्याने लिहिलेलं वाचलं तर त्यांत काय गाळलं आहे ते दिसतं.

तिसरं मतदान सांगताना मला माझी चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला मी हैदराबादच्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरमध्ये काही आठवडे जाऊन बसले होते. तिथून वहीभर टिपणं घेऊन आले. त्यांत आर्थर श्लेझिंगर ज्युनिअरचं 'दि एज ऑफ जॅक्सन' (१९४५) होतं. पुलित्झर मिळवलेलं, झळाळत्या इंग्रजीतलं पुस्तक. सामान्य माणसाचा कैवारी, बँकवाल्या धनिकांशी लढणारा जॅक्सन मी वर्षानुवर्षं त्या टिपणांवरून शिकवला. एका वर्षी कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या घरातला एक विद्यार्थी तासानंतर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, चेरोकी लोकांना हलवलं असं पाठ्यपुस्तकात एक ओळ आहे. ते कोणी हलवलं?" मी श्लेझिंगर पुन्हा उघडला. त्या जाडजूड पुस्तकात मूळ रहिवाशांच्या हकालपट्टीला जवळपास जागाच नाही. आणि मला ते खटकलंही नव्हतं.

मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा हा कायदा, इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट, जॅक्सन अध्यक्ष असताना १८३० मध्ये प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ असा मंजूर झाला. पाच मतांनी. मूळ राज्यघटनेत जागावाटपासाठी गुलामांची पाचास तीन या प्रमाणात गणती होत असे, त्यामुळे दक्षिणेच्या गोऱ्यांना जादा जागा मिळत. त्या जादा जागा पाचापेक्षा कितीतरी जास्त होत्या. ज्या गुलामांना मत नव्हतं त्यांच्या डोक्यांवर मिळालेल्या जागांनी चेरोकींची घरं गेली. चेरोकी ही मूळ रहिवाशांची जमात काही गप्प बसली नव्हती. १८२८ पासून त्यांचं स्वतःच्या लिपीतलं वृत्तपत्र निघत होतं, त्यांनी अर्ज केले, सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८३२ मध्ये तिथे जिंकलेसुद्धा. तरी १८३८-३९ च्या त्या वाटचालीत हजारो माणसं मेली.

म्हणून जॅक्सनसाठी आता मी क्लॉडियो सॉन्टचं 'अनवर्दी रिपब्लिक' (२०२०) आधी सांगते. त्यात हकालपट्टीचा जमाखर्च आहे: कंत्राटं कुणाची, जमिनी कुणी घेतल्या, पैसा कुठून आला. मग डॅनिअल वॉकर हाउचं 'व्हॉट हॅथ गॉड रॉट' (२००७). १८१५ ते १८४८ चा सगळा काळ, तारयंत्र, कालवे, धर्मजागरणं यांसह. हाउने ते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सच्या, म्हणजे जॅक्सनच्या प्रतिस्पर्ध्याच्या, स्मृतीला अर्पण केलं आहे. त्यावरूनच त्याचा कल समजून घ्या. तिसरा श्लेझिंगर वाचाच, कारण न्यू डीलच्या, म्हणजे मंदीत रूझवेल्टने आणलेल्या सुधारणांच्या, काळातल्या माणसाला जॅक्सनमध्ये रूझवेल्ट दिसला, हाही इतिहासच.

रूझवेल्टकडे मात्र मतदानाचा आकडा फसवतो. म्हातारपणाचं पेन्शन आणि बेकारभत्ता देणारा १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा प्रतिनिधिगृहात ३७२ विरुद्ध ३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध ६ अशा मतांनी गेला. एवढं बहुमत दिसलं की समजावं, किंमत आधीच चुकती झाली आहे. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले होते, म्हणजे दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. आयरा कॅट्झनेल्सनचं 'फिअर इटसेल्फ' (२०१३) हा धागा पकडतं: दक्षिणेच्या डेमोक्रॅटांवाचून रूझवेल्टचं पान हलत नव्हतं. वगळण्यामागे वर्गणी वसूल करण्याची अडचण हेच कारण होतं असंही काही अभ्यासक म्हणतात. दोन्ही बाजू वाचून ठरवा. त्याच्या जोडीला फ्रान्सिस पर्किन्सचं 'द रूझवेल्ट आय न्यू' (१९४६). ती अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री, मजूरमंत्री, आणि हा कायदा घडवणाऱ्या समितीची प्रमुख. रूझवेल्टवर तिचा जीव होता, पण तिची नजर कधी मऊ पडत नाही.

संस्थापकांच्या पिढीवर फार वेळ घालवू नका, निदान सुरुवातीला. जोसेफ एलिसचं 'फाउंडिंग ब्रदर्स' (२०००) छोटं आहे, सहा प्रसंग आहेत. राजधानी पोटोमॅकच्या काठी जाणं आणि राज्यांची कर्जं केंद्राने उचलणं हा सौदा ज्या जेवणावर ठरला ते प्रकरण आणि गुलामगिरीवरचं 'द सायलेन्स' हे प्रकरण, ही दोन आधी. मग अ‍ॅनेट गॉर्डन-रीडचं 'द हेमिंग्सेस ऑफ माँटिसेलो' (२००८), जेफरसनच्या घरातल्या गुलाम कुटुंबाचा इतिहास. वॉशिंग्टन आणि हॅमिल्टनची चेर्नोने लिहिलेली जाड चरित्रं चांगली आहेत, घाई नाही.

पहिल्या महायुद्धातला अध्यक्ष विल्सन याच्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवा: मार्च १९२०, युद्ध संपवणाऱ्या व्हर्सायच्या तहाला सिनेटची मंजुरी, ४९ विरुद्ध ३५, दोन तृतीयांशाला सात मतं कमी. जॉन मिल्टन कूपरचं 'वुड्रो विल्सन' (२००९) पुरेसं आहे.

निक्सनबद्दल बहुतेक जण वॉटरगेटपासून सुरू करतात. 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७४) जरूर वाचा, पण भारतातल्या वाचकाने १९७१ च्या बांगलादेश युद्धापासून सुरू करावं. आमच्या घरी तेव्हा खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि अमेरिकेचं सातवं आरमार हा शब्द मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला. गॅरी बासचं 'द ब्लड टेलिग्राम' (२०१३) त्या वर्षाचं आहे. ढाक्यातला अमेरिकेचा वाणिज्यदूत आर्चर ब्लड याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांवर गप्प राहण्याच्या आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध तार पाठवली. तिकडे निक्सन आणि त्याचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे चीनचं दार उघडण्याच्या खटपटीत होते. बासच्या आधी किसिंजरच्या 'व्हाइट हाउस इयर्स' (१९७९) मधलं १९७१ वरचं 'द टिल्ट' हे प्रकरण वाचा. मग बास. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्वतः प्रसिद्ध केलेली त्या काळची कागदपत्रं, जी त्यांच्या इतिहास कार्यालयाच्या संकेतस्थळावर खुली आहेत. एकाच बैठकीचं वर्णन आठवणींत कसं येतं आणि त्या दिवशीच्या नोंदीत कसं आहे, हे शेजारी ठेवून पाहा. माझ्या एम.ए.च्या मुलांनी हा एक स्वाध्याय केला की मला त्यांना 'साधनचिकित्सा' हा शब्द वेगळा शिकवावा लागत नसे.

आणि निक्सनचा शेवटही मतमोजणीनेच झाला. महाभियोगातून वाचायला सिनेटमध्ये ३४ मतं पुरेशी होती. ७ ऑगस्ट १९७४ रोजी गोल्डवॉटर दोन सहकाऱ्यांसह त्याला भेटला आणि तेवढी मतं नाहीत हे सांगून आला. दुसऱ्या दिवशी निक्सनने राजीनामा जाहीर केला.

अलीकडच्या अध्यक्षांबद्दल मला दरवेळी विचारतात. १९७८ च्या कायद्याप्रमाणे अध्यक्षांचे कागद पद सोडल्यावर पाच वर्षांनी मागता येतात, काही बारा वर्षांपर्यंत बंद राहतात. तोवर हाती येतं ते पत्रकारांचं काम आणि ज्याची त्याची बाजू. ते वाचा, पण पेन्सिलीने खुणा करत.

आता तुमच्या वेगाचा प्रश्न. एक दुरेघी वही करा. डावीकडच्या पानावर अध्यक्षाला काय हवं होतं ते, उजवीकडे किती मतं, कुणाची, कशाच्या बदल्यात. नावं मराठीत लिहा, राज्य लिहा, पक्ष लिहा. व्हिप, कॉकस, क्लोचर असे शब्द शेवटच्या पानावर अर्थासह उतरवा. पन्नासएक झाले की वेग आपोआप वाढतो. अमेरिकेचा एक नकाशा भिंतीवर लावा, कारण जॉर्जिया कुठे आणि इलिनॉय कुठे हे डोळ्यांना माहीत नसेल तर मतांची फोड नुसती आकडेमोड राहते. संदर्भांची पानं ओलांडू नका. लेखकाने पत्र पाहिलं की कुणाच्या आठवणीवर विसंबला, ते तिथेच कळतं.

पहिला महिना एवढाच ठेवा: 'द सॅड आयर्न्स', मग 'मास्टर ऑफ द सेनेट'ची पहिली शंभर पानं, मग पर्डम, आणि शेवटच्या रविवारी इअरफोन लावून २७ मे १९६४ चं ते संभाषण. रसेलचे दक्षिणी उच्चार पहिल्यांदा कळणार नाहीत. बरोबर लेखी उतारा दिलेला आहे, तो समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐका.